शब्दचर्चा : ‘जीभकापू’ वाइन आणि तुरटपणाचे शब्द

तात्सेलेंगे हे एका काळ्या द्राक्षाचं नाव. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, स्लोव्हेनियाला लागून फ्रिउली आहे. तिथं उदिने शहराच्या पूर्वेच्या टेकड्यांवर हे द्राक्ष होतं, आणि तेही थोडकंच. नाव फ्रिउलियन भाषेतलं, अर्थ ‘जीभ कापणारं’. लेंगे म्हणजे जीभ, आणि भाषाही. मातृभाषेला तिथं ‘मारिलेंगे’ म्हणतात.

तिकडे गेले असताना बुत्रियो गावात या द्राक्षाची वाइन चाखली. पेल्यात रंग पिकल्या जांभळाचा, वास तुतीचा. पहिल्या घोटाला जबड्याच्या मागून लाळ सुटली. दोन-तीन क्षणांनी नेमकं उलटं झालं : हिरड्या कोरड्या पडल्या, जीभ टाळूवर फिरवली तर धुवट फडकं फिरवल्यासारखी वाटली. बरोबरच्या मैत्रिणीनं विचारलं, “कशी आहे?” मी म्हटलं, “आंबट. तुरट. कोरडी.” ती म्हणाली, “अगं, नक्की काय ते सांग ना!”

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. आंबटपणानं लाळ वाढते. तुरटपणा येतो टॅनिनमुळे. सालीतून, बियांतून उतरलेलं हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, मग तोंडातला बुळबुळीतपणा जातो आणि जीभ घासायला लागते. तिसरा शब्द ‘ड्राय’. त्याचा अर्थ एवढाच, की साखर जवळपास उरलेली नाही. त्याला आपण सरसकट ‘कोरडी’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं घसा कोरडा पाडणारी. मराठीत कोरडी चटणी असते, वाइन कोरडी कशी असेल? मला ‘अगोड’ बरा वाटतो.

तात्सेलेंगेमध्ये आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही भरपूर. म्हणून ती लाकडी पिंपात आणि बाटलीत काही वर्षं मुरवतात. सोबत फ्रिको आला होता. तव्यावर खरपूस केलेलं मोंतासिओ चीज आणि बटाटा. त्याचा घास घेऊन दुसरा घोट प्यायले आणि जिभेवरची धार निम्म्यानं उतरली, कारण टॅनिनला धरायला आता चीजमधली प्रथिनं होती.

तर दोन प्रश्न. नावाचं मराठी काय करावं? मला ‘जीभकापू’ सुचतो, खिसेकापू, गळेकापूच्या चालीवर. इटालियनमध्येही खिसेकापूला ‘ताल्याबोर्से’ असा जुना शब्द आहे. घडण तीच, फक्त क्रियापद आधी आणि नाम मागून. आणि दुसरं : तुरट खाल्ल्यावर तोंडाचं जे होतं, त्याला आपल्याकडे क्रियापद कोणतं?

प्रतिसाद, रत्नागिरीहून :
आमच्याकडे ‘घसा धरतो’ म्हणतात. काजूचा बोंडू तसाच खाल्ला की घसा धरतो. म्हणून फोडी करून मीठ लावायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग खायचं. जांभळांनी ‘जीभ जड होते’. पण ‘कापते’ असं आम्ही तुरटाला म्हणत नाही. जीभ कापते अननसानं.

प्रतिसाद, पुण्याहून :
शब्द पुष्कळ आहेत, मात्र प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. चिंचेनं, कैरीनं दात आंबतात. फार गोडानं तोंडाला मिठी बसते. भाजलेलं पीठ नुसतं खाल्लं तर तोठरा बसतो. तुरटासाठी मात्र ‘तोंड तुरट झालं’ यापलीकडे एकटं क्रियापद मला तरी आठवत नाही. तुरटाचा संस्कृत शब्द ‘कषाय’ पुस्तकात ठेवावा. सहा रसांतले शब्द जसेच्या तसे घेतले तर घोटाळाच होतो : संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू, आपल्याकडे कटुचा कडू होऊन बसला. तुरट मात्र जागचा हलला नाही, संस्कृत तुवरपासून सरळ आला. तुरटीही त्याच घरातली.

प्रतिसाद, जुन्नरहून :
टॅनिन हे नावच कातडं कमावण्यावरून आलेलं आहे. आमच्या डोंगरात हिरडा होतो, तो त्याच कामाला जायचा, बाभळीची सालही. कच्चा हिरडा चघळून बघा म्हणजे ताईंनी सांगितलेला अनुभव फ्रिउलीला न जाता येईल. कातड्यातली प्रथिनं धरायची की लाळेतली, काम एकच.

मूळ लेखिका :
हिरड्याचं वाचून अंगावर काटा आला, इतकं ते नेमकं आहे. अननसाचा मुद्दाही मान्य, ‘कापणं’ आपल्या कानाला वेगळं लागतं. पण तात्सेलेंगेचं ते बारसं तिथल्या शेतकऱ्यांनी केलेलं आहे, म्हणून नावापुरता ‘जीभकापू’ ठेवावा आणि वर्णनात ‘घसा धरते’, ‘जीभ जड करते’ लिहावं, असं मला वाटतं. हे नाव टिकलं याचंच मला अप्रूप आहे. ही जात संपायला आली होती. पेर्कोतो गावात ग्राप्पा (द्राक्षांच्या चोथ्याची दारू) गाळणाऱ्या नोनिनो कुटुंबानं १९७५ साली ‘रिसीत दाऊर’ हा पुरस्कार सुरू केला, फ्रिउलीच्या जुन्या वेली जपणाऱ्यांसाठी. स्कियोपेत्तीनो, पिन्योलो आणि ही तात्सेलेंगे, तिघींचा त्यात विचार होता. रिसीत दाऊर म्हणजे वेलीचं सोन्याचं कलम. वेल गेली असती तर हा शब्दही गेला असता.

प्रतिसाद, नाशिकहून :
वाइनची द्राक्षं तोडायच्या आधी बी चावून बघतात. हिरवी असेल तर कडवट तुरट लागते, तपकिरी झाली की कुरकुरीत फुटते आणि तुरटपणा मऊ होतो. मी त्या कच्च्या चवीला ‘राठ’ म्हणतो. कापडाला, केसांना म्हणतो तसंच. “वाइन अजून राठ आहे.” ताईंच्या धुवट फडक्याला बसतोय का बघा.

मूळ लेखिका :
बसतोय. राठच होती ती.