भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा: कोणी काढलाय का? मदत हवी आहे

मंडळी, विम्यातलं कळणारं कोणी असेल तर प्लीज सांगा. आम्ही दोघी मैत्रिणी मिळून भाड्याने राहतो. शेजारच्या बिऱ्हाडात मध्यंतरी पाइप फुटला, त्यांच्या गाद्या, टीव्ही, कपाटातले कपडे सगळं भिजलं आणि मालकाच्या विम्यातून दमडी मिळाली नाही, कारण तो विमा फक्त इमारतीचा, भाडेकरूचं सामान त्यात येतच नाही म्हणे. तेव्हापासून डोक्यात किडा आहे की आपणही पॉलिसी काढावी.

पण कागद वाचायला घेतले की गोंधळ. एकीकडे घसारा (म्हणजे वस्तू जुनी झाल्याने उतरलेली किंमत) वजा करून पैसे देणार लिहिलंय, दुसरीकडे नवीन वस्तूची किंमत देणार, प्रीमियम अर्थात जास्त. माझा लॅपटॉप जुना आहे, फर्निचर तर सेकंडहँडच, मग जास्त पैसे भरण्यात अर्थ आहे का? दोघींना मिळून एकच पॉलिसी चालेल का? आणि दागिने थोडेच आहेत पण आईचे आहेत, त्यांचं काय करायचं? एजंटला विचारलं तर तो सगळ्यालाच हो म्हणतो, म्हणून इथे विचारतेय.

उंटावरचा_शहाणा:
जुनं सामान आहे म्हणूनच नवीन किमतीवाली बघ. घसारा कापून जुन्या लॅपटॉपचे जे हातात येईल त्यात नवा येणार नाही, वरची भर तुझ्याच खिशातून. शिवाय प्रत्येक क्लेममधे ठरलेली सुरुवातीची रक्कम आपणच सोसायची असते, ती मोठी ठेवली की प्रीमियम उतरतो पण मग बारीकसारीक नुकसानीत काहीच मिळत नाही. मैत्रिणीचं नाव पॉलिसीवर नसेल तर तिचं सामान बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, त्यामुळे वेगवेगळी काढा, उद्या एकजण घर सोडून गेली तरी भानगड नको.

खिडकीपाशी:
दागिन्यांना बहुधा वेगळी मर्यादा असते, एकूण रक्कम कितीही मोठी असली तरी. मूल्यांकन करून त्यांची स्वतंत्र नोंद करून घे. पाइप फुटणं आणि बाहेरून पुराचं पाणी शिरणं ह्या विम्यात दोन वेगळ्या गोष्टी, पूर धरलाय की वगळलाय, ते कलम आधी शोध. आणि आजच मोबाइलवर घरभर फिरून व्हिडिओ काढ, कपाटं उघडून, लॅपटॉप-टीव्हीचे सिरियल नंबर दिसतील असा, बिलांचे फोटो पण, आणि ते सगळं ईमेलवर टाकून ठेव कारण फोनच चोरीला गेला तर काय उपयोग.

धागाकर्ती:
दोघांचे आभार! एजंटकडून पूर आणि दागिन्यांचं लेखी मागवते, फोनवरच्या "हो"ला काही अर्थ नाही.