एकटी की एकटीच? (अनुभव धागा)

ओसरी:
मागच्या महिन्यात कामासाठी सोलापूरला गेले होते, रात्री एका खानावळीत जेवायला गेले तर गल्ल्यावरच्या दादांनी विचारलं, "एकटीच?" आणि तो शेवटचा च आहे ना, तो रात्रभर डोक्यातून गेला नाही. मी एकटी होते, मजेत होते, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची वाट बघत होते, त्या च ने मला एकदम बिचारी करून टाकलं. तेव्हापासून हे शब्द मनात घोळतायत. एकांत आपण मागून घेतो, एकटेपणा अंगावर येतो, एकाकी तर माणूस भरल्या घरातही असतो. आणि लोक देतात ते वेगळेच, एकलकोंडी, घुमी, माणूसघाणी. मला एकलकोंडी म्हणायचे, का तर पाहुणे आले की मी माळ्यावर जाऊन वाचत बसायचे. तुमच्या वाट्याला कोणता शब्द आला, कोणी दिला, आणि त्याच्याबरोबर काय काय आलं ते लिहा ना इथे. तुटक लिहा, मोठं लिहा, कसंही चालेल.

मागचीपडवी:
"बाजूला." आमच्याकडे नगर जिल्ह्यात म्हणायचे ती बाजूला बसलीये. लहान मुलांना सांगायचे कावळा शिवला, आणि मी खरंच अंगणात कावळा शोधला होता. सातवीत माझी पाळी आली तेव्हा मागच्या पडवीत चटई, एक जुनी गोधडी, जर्मनचं ताट, पाणी वरून ओतणार. आई ताट जमिनीवर ठेवून माझ्याकडे सरकवायची, शहाबादी फरशीवर खर्र असा आवाज व्हायचा, तो आवाज मला अजून सहन होत नाही. आईला वाईट वाटायचं, दिसायचं तिच्या तोंडावर, पण आजीपुढे बोलायची टाप नव्हती. काकू मात्र म्हणायची की बाई तेवढेच चार दिवस कुणी चहा टाक म्हणत नाही. तेव्हा पटायचं ते. आता वाटतं, घडीभर टेकायला मिळावं म्हणून बाईला विटाळशी व्हावं लागत होतं! माझ्या मुलीला हा शब्द माहीत नाही, मी तो घरात येऊच दिला नाही.

आडगाव:
वरचं वाचून लिहितोय. गडचिरोलीत भामरागडकडे नोकरीला होतो. तिथे माडिया आदिवासींच्या गावांत कुर्माघर असतं, पाळीच्या दिवसात बायका तिथे राहतात. मी पाहिलेलं एक म्हणजे कुडाच्या भिंती, वाकून आत जायचं, पावसाळ्यात आत ओल. आता काही गावांत त्या जागी पक्क्या खोल्या बांधल्यात आणि नाव दिलंय महिला विसावा केंद्र. नाव बदललं ते चांगलंच, पावसात कोरडं राहता येतं हे तर फारच चांगलं. पण जायचं की नाही हे त्या बाईला ठरवता यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

खाडीकाठ:
वाळीत. दक्षिण रायगडातलं आमचं गाव, नाव नको. देवळाच्या जागेवरून वाद झाला, वडलांनी गावकीचा दंड भरायला नकार दिला, झालं, बैठकीत ठराव की यांच्याशी बोलायचं नाही. मी चौथीत. दुकानात मीठ आणायला गेलो तर दुकानदार मामा (रोज हातावर गोळी ठेवणारे) वर बघेनात, मागचं गिऱ्हाईक पुढे घेतलं, मी नाणी मुठीत घेऊन उभा. आमच्याशी बोललं तर बोलणाऱ्याला दंड, म्हणून मित्र नदीवर भेटायचे, गावात ओळख नाही. मीठ, तेल सगळं एसटीने तालुक्याच्या गावाहून यायचं. आजोबा वारले तेव्हा खांदा द्यायला मुंबईचे नातेवाईक येईपर्यंत थांबलो. पण मला सगळ्यात लागलं ते शिमग्याला. पालखी घरोघरी येते, आईने अंगण सारवून ठेवलेलं, ढोल जवळ आले, आणि पालखी आमच्या दारावरून पुढे गेली. आम्ही तिघं ओटीवर उभेच. देवसुद्धा आपल्याशी बोलत नाही असं वाटलं होतं तेव्हा. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने 2016 ला केला, लागू झाला जुलै 2017 पासून, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्या वेळी असता तर वडलांना कागद घेऊन एवढं फिरावं लागलं नसतं.

नाशिककर:
माझा शब्द चांगला आहे, शून्यागार. इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यनेचं 10 दिवसांचं शिबिर केलं, फोन जमा, बोलायचं नाही, नजरानजर पण नाही. पगोड्यात एकेकट्याने बसायच्या छोट्या खोल्या आहेत त्यांना शून्यागार म्हणतात. दार लावलं की अंधार आणि आपला श्वास. तिसऱ्या दिवशी रडलो, सहाव्या दिवशी बाहेर यावंसं वाटेना. पण दार मी लावलं होतं, आतून. खाडीकाठ, तुमचं वाचल्यावर हा फरक नीट कळला.

डावाहात:
कोरंटीन. मार्च 2020 ला दुबईहून आलो, विमानतळावर डाव्या हातावर शिक्का मारला. साबणाने घासून पण फिका होईना, लिफ्टमध्ये लोक आधी हात बघायचे मग तोंड. 14 दिवस आतल्या खोलीत. आई दाराशी ताट ठेवून मागे सरायची, एकदा दाराआडून म्हणाली, "बघ, आता तू बाजूला बसलायस." आणि मग तिने आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बाजूला बसण्याच्या गोष्टी सांगितल्या, दाराच्या त्या बाजूने, रोज रात्री थोड्या थोड्या.

पंचगंगा:
आत्याला काका गेल्यापासून हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं, तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, नुसतं वगळायचं. 2022 च्या मे मध्ये आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद, त्यानंतर आमच्या गल्लीतल्या दोघीतिघींनी आत्याला घरी येऊन बोलावणं केलं. ती नको नको म्हणत पाटावर बसली आणि हात पुढे करायचाच विसरली, लावणारीने हात धरून हळद लावली. सरकारी कागदावर ती आता एकल महिला आहे. तिला तो शब्द आवडतो, विधवापेक्षा कितीतरी आवडतो.

ओसरी:
काय लिहिलंय सगळ्यांनी. मी च वर अडले होते. खाडीकाठ, एक विचारू का, नाही सांगितलंत तरी चालेल. पालखी परत कधी आली तुमच्याकडे?

खाडीकाठ:
ताई, 7 वर्षांनी. आदल्या रात्री निरोप आला, उद्या देव येतोय म्हणून. वडील म्हणाले आता एवढ्या रात्री ओटी भरायला नारळ कुठून आणायचा. आईने मडघरातून काढून दिला, ती दर शिमग्याला एक आणून ठेवत होती.