हद्दच नाही, तर डोकी कुठवर मोजायची?

वर कुणीतरी विचारलंय की अमेरिकेतल्या छोट्या वस्त्यांचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे का दिसतात. वॉशिंग्टन राज्यातलं स्टहीकिन घ्या. शेलान सरोवर सुमारे ८० किमी लांब, खोली ४५० मीटरच्या वर, आणि त्याच्या अगदी वरच्या टोकाला ही वस्ती. बाहेरून रस्ताच येत नाही! लाँच, पाण्यावर उतरणारं विमान, नाहीतर डोंगरातली पायवाट. आत नदीकाठाने थोडा रस्ता आहे, पण तो बाहेरच्या कुठल्याच रस्त्याला जोडलेला नाही. त्यावर धावणाऱ्या गाड्या तराफ्यावरून आणलेल्या.

वर्षभर राहणारे शंभराच्या आसपास, उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड. पण गावाला नगरपालिका नाही, त्यामुळे कायद्याने आखलेली हद्दही नाही. कारभार शेलान काउंटीचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा. अशा ठिकाणी जनगणनेने स्वतः रेघ आखली तरच वेगळा आकडा मिळतो, नाहीतर सगळा अंदाज. आपल्याकडे वाडीसुद्धा कुठल्या ना कुठल्या ग्रामपंचायतीत मोडते, म्हणून हे पटकन पचत नाही.

शिवाय १९६८पासून आजूबाजूची बरीचशी जमीन नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे आहे. नवी घरं बांधायला खाजगी जागा उरलीय किती? माझ्या मते वस्ती न वाढण्याचं हे कारण रस्ता नसण्याइतकंच मोठं आहे.