आधी कांद्याचा पापुद्रा की आधी थर्मोकोलची पेशी?

विज्ञानशिक्षिका: सातवीच्या मुलांना कांद्याचा पापुद्रा आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला आणि दिसेल तसेच चित्र काढायला सांगितले, तर कित्येक वह्यांत हिरवीगार हरितलवके, म्हणजे पानांना हिरवा रंग देणारे पेशीतले कण, उगवली. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यात हरितलवके नसतातच. आदल्या आठवड्यात रंगवलेली पेशीची थर्मोकोलची प्रतिकृती मुलांनी आठवून काढली होती. म्हणून खरी पेशी पाहून होईपर्यंत प्रतिकृतीचा प्रकल्प देऊच नये, असे माझे मत आहे. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांना १६६५ साली बुचाच्या कापात नुसते रिकामे कप्पे दिसले आणि त्यांनी तेवढेच रेखाटले.

निवृत्त मुख्याध्यापक: बाई, अनुभव खरा असला तरी निष्कर्ष मला पटत नाही. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून पेशीची भित्तिका आणि रंग धरलेले केंद्रक दिसते. पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका किंवा पेशीतले पदार्थ वाहून नेणारी आंतर्द्रव्यजालिका दिसत नाही, मग प्रतिकृतीवाचून ती समजावायची कशी? शिवाय एक सूक्ष्मदर्शक आणि साठ मुले असली, की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धे मिनिट येते, आणि त्यातही काही जण हवेचा बुडबुडा पाहून ‘पेशी दिसली’ म्हणत जागेवर जातात.

एक पालक: आपण दोघेही रचनेपाशीच थांबलात. माझ्या मुलीला ‘रिक्तिका पाणी साठवते’ हे तोंडपाठ आहे, पण मीठ घातल्यावर काकडीच्या कोशिंबिरीला पाणी का सुटते, हे तिला सांगता आले नाही. कार्य कळले नाही, तर नावे पाठ करून काय उपयोग?

विज्ञानशिक्षिका: सर, बुडबुड्याचे म्हणाल, तर कव्हर स्लिप तिरकी टेकवून हळूच सोडली की तो बहुधा टळतो. कोशिंबिरीचे उत्तरही काचपट्टीवरच मिळते. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या खालच्या बाजूची जांभळी साल मिठाच्या पाण्यात ठेवावी. पाणी बाहेर पडून जांभळा भाग आक्रसतो आणि भित्तिकेपासून सुटतो. एरवी न दिसणाऱ्या प्रद्रव्यपटलाची, म्हणजे भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्याची, कड तेव्हा लक्षात येते. प्रतिकृतीत मात्र रिक्तिका गोटीएवढी असते. पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीत बहुतेक जागा तिनेच व्यापलेली असते.

निवृत्त मुख्याध्यापक: मग चुकीची प्रतिकृती बंद करा, प्रतिकृतीच नको असे म्हणू नका. रिक्तिका मोठी करायला सांगा, सजावटीला गुण देऊ नका. मी अजून मुख्याध्यापक असतो, तर ऱ्हिओच्या प्रयोगासाठी जोड तासिका दिली असती. तंतुकणिकेसाठी मात्र मला शाडूच लागेल.