विषय: सी भरला, डी रिकामा, जागा सरकत नाही

प्रेषक: खजिनदार
सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, मंडळाच्या लॅपटॉपवर वर्गणीचा हिशेब उघडायला आज पाच मिनिटं लागली. बघितलं तर सी ड्राइव्ह १०० जीबीचा, त्यात जेमतेम २ जीबी शिल्लक. आणि डी ३७५ जीबीचा, तो अर्धा रिकामा. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडून 'श्रिंक व्हॉल्यूम' केलं आणि डीमधून १०० जीबी काढले (तिथे आकडा एमबीत टाकावा लागतो, १०२४००). जागा निघाली, काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' (कुणालाच न दिलेली) दिसतेय. पण सीवर राइट क्लिक केलं की 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' पुसट. दाबताच येत नाही. डाउनलोड्सचा पसारा आधीच डीवर हलवलाय, त्यामुळे तो सल्ला नको.

---
प्रेषक: माजी अध्यक्ष
सोमवार, रात्री १०.१५

> दाबताच येत नाही.

अगं, नाहीच येणार. बाकावर तिघं बसलेत असं समज. उजव्या टोकाचा माणूस अंग चोरून बसला तर जागा टोकाला होते, डावीकडच्याला तिचा काय उपयोग? श्रिंक नेहमी पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या सी-डीसारख्या कप्प्याच्या, शेवटाकडून कापतं. आणि विंडोजला सी वाढवायचा तर मोकळी जागा सीच्या लगेच उजवीकडे लागते. तुझे १०० जीबी डीच्या पलीकडे जाऊन पडलेत.

माझं ऐकशील तर डीचं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी कर, दोन-चार फाइली उघडून खात्री कर, मग डी उडव. सी हवा तेवढा वाढव, उरलेल्यात नवा डी कर. झालं. रात्रभर पार्टिशन सरकवत बसण्यापेक्षा हे बरं. सध्या दम घ्यायला जागा हवी असेल तर हायबरनेशन (लॅपटॉप बंद होताना चालू काम डिस्कवर साठवायची सोय) बंद कर. त्याची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर ६ जीबीच्या वर तिथेच सुटतील.

---
प्रेषक: वेबसाइटवाली
मंगळवार, सकाळी ७.०५

काका, बाक बरोबर, पण त्यावर तिघंच आहेत कशावरून? ताई, सी आणि डीच्या मध्ये एक बारीकशी रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची साधनं ठेवलेली) दिसते का?

---
प्रेषक: खजिनदार
मंगळवार, सकाळी ७.३०

हो, ६४० एमबीची. तिला अक्षरच नाही, म्हणून लक्ष गेलं नाही.

---
प्रेषक: वेबसाइटवाली
मंगळवार, सकाळी ८.१०

मग डी उडवूनही 'एक्स्टेंड' पुसटच राहील. ती बया मध्ये बसलेली असणार आणि डिस्क मॅनेजमेंटला पार्टिशन सरकवता येत नाही. त्यासाठी जीपार्टेड हा पार्टिशन सरकवणारा प्रोग्राम, पेनड्राइव्हवरून चालू करून. पण काकांचं म्हणणं सोडू नका, डी आधी रिकामा करून उडवाच. नाहीतर जीपार्टेडला २७५ जीबीचा डी उचलून उजवीकडे ठेवावा लागेल. त्याला तासनतास लागतात आणि मधेच वीज गेली तर सगळंच जायचं. डी नसला की हलवायचे फक्त ६४० एमबी.

त्याआधी दोन गोष्टी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'रीएजंटसी' या कमांडने रिकव्हरी बंद करा, शेवटी परत चालू करा. रिकव्हरी कुठे आहे ते विंडोज लिहून ठेवतं, जागा बदलली की त्याला ती सापडत नाही. दुसरं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारा विंडोजचा भाग, चालू असेल तर तो तात्पुरता थांबवा आणि ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करू नका, तसं केलेले लोक मी पाहिलेत. जीपार्टेडमध्ये सीला हात लावू नका. रिकव्हरी १५० जीबी उजवीकडे सरकवा आणि बाहेर पडा. सी विंडोजमधूनच वाढवा.

---
प्रेषक: माजी अध्यक्ष
मंगळवार, सकाळी ८.२५

चौथा प्रवासी मला दिसलाच नाही. मान्य.

---
प्रेषक: खजिनदार
शनिवार, सायंकाळी ६.५०

झालं! सी २५० जीबी. रिकव्हरी सरकायला चहा गार होईल एवढाही वेळ लागला नाही, सगळा वेळ गेला तो डीची कॉपी करण्यात.

एक घोळ मात्र झाला. डी उडवल्यावर जीपार्टेडचा पेनड्राइव्ह तसाच खोचलेला राहिला आणि विंडोजने मोकळं झालेलं 'डी' अक्षर त्यालाच देऊन टाकलं. नवा ड्राइव्ह झाला 'एफ'. हिशेबाचा प्रोग्राम आपला डीवर फाइल शोधतोय, आणि मी घामाघूम, की दोन वर्षांचा हिशेब गेला. पेनड्राइव्ह काढला, 'चेंज ड्राइव्ह लेटर'मध्ये जाऊन एफचं डी केलं, तेव्हा कुठे उघडला. बाहेरच्या डिस्कवरची कॉपी महिनाभर तशीच ठेवतेय.