कलाटणी फक्त गोष्टीलाच मिळते का?

दापोलीकर: हर्णैच्या मासेमारीवर एका स्मरणिकेला लेख दिला. त्यात 'वारा फिरला आणि होडीने कलाटणी घेतली' असं होतं. संपादकांनी ते 'होडी एकदम वळली' केलं. म्हणे कलाटणी कथेला मिळते, आयुष्याला मिळते, होडीला नाही. आमच्या घरी पोरं वाळूत मारतात तीही कलाटणीच. कोणाचं बरोबर?

मालवणकर: तुमचंच. 'एकदम वळली' म्हटलं की होडी कललेली दिसतच नाही. शिडाची होडी फिरवताना शिडाचा वासा डोलकाठीच्या एका बाजूचा दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो. तेवढ्यात ती अशी कलते की आत बसलेला काठ घट्ट धरतो. 'कलणे' त्या शब्दातच आहे.

चिपळूणकर: व्युत्पत्ती अशी कानाने ठरत नसते. मला तर तो 'कोलांटी'चा भाऊ वाटतो. आणि संपादकांचं काय चुकलं? आजचा वाचक 'होडीने कलाटणी घेतली' वाचून होडी बुडाली असंच समजेल.

वेंगुर्लेकर: बुडाली तर 'पलटी झाली' म्हणतात. आमच्याकडे पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं. मध्ये वारा पडतो, मग समुद्राकडून सुरू होतो. आजोबा एवढंच म्हणत, 'वारो फिरलो'. कलाटणी घरात कधी ऐकली नाही.

दापोलीकर: फिरणं सावकाशही असतं हो. मला तो झटका हवाय.

चिपळूणकर: मग 'गर्रकन वळली' लिहा.

मालवणकर: गर्रकन भोवरा फिरतो, माणूस टाचेवर फिरतो. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आधी वळते, मागचा भाग पाण्यावर घसरत येतो. त्यात 'गर्र' कुठे आहे?

रत्नागिरीकर: घूमजाव का नको?

चिपळूणकर: ती हिंदी आज्ञा, 'घूम जाओ'. निदान शब्दचर्चेत तरी मराठी राखा.

रत्नागिरीकर: 'नेत्याचे घूमजाव' हा मथळा न कळणारा मराठी माणूस दाखवा. 'बंदर' फारसी आहे, म्हणून हर्णै बंदर म्हणायचं सोडणार का?

चिपळूणकर: बंदराला दुसरा शब्द रुळलेला नाही. घूमजावाला 'कोलांटउडी' आहे.

रत्नागिरीकर: कशी? कोलांटउडी मारणारा पुन्हा त्याच दिशेला तोंड करून उभा राहतो. घूमजावात तोंडच फिरतं. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत.