२०२५ मधले आवडते चित्रपट आणि पुढच्या वर्षी काय पाहावे : मत हवे आहे

तेरेखोल (सावंतवाडी) :

नमस्कार मंडळी,

वर्ष सरत आले की त्या वर्षात पाहिलेल्या चित्रपटांपैकी जे मनात घर करून राहिले, ते वहीत उतरवून काढायची माझी जुनी सवय आहे. यंदाची यादी लिहून झाली आणि पुढच्या वर्षाचा बेत ठरवायला बसलो, तेव्हा एक प्रश्न पडला. तो विचारण्याआधी यादी सांगतो, कारण प्रश्न तिच्यातूनच निघाला आहे.

सर्वांत वर 'दशावतार' आहे. सुबोध खानोलकर यांचा हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्याच शुक्रवारी 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' हे आणखी दोन मराठी चित्रपट आले होते, तरी आमच्याकडे जो तो 'दशावतार'विषयीच बोलत होता, आणि त्याचे कारण उघड आहे : दशावतार हे आमच्या दक्षिण कोकणातले लोकनाट्य आहे. दहिकाल्याच्या रात्री देवळाच्या आवारात एक बाकडे मांडून, पायपेटी, मृदंग आणि झांजेच्या साथीवर जे नाटक उभे राहते, ते पाहत आमच्या पिढ्या वाढल्या. त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते आणि संवाद कलावंताला जागच्या जागी सुचतात. रंगभूषाही त्याने स्वतःच करायची असते. पडद्याआड मांडी घालून बसलेला कलावंत हातातल्या छोट्या आरशात पाहत भुवईची रेघ ओढतो, साडीच्या निऱ्या आपल्याच हातांनी बसवतो आणि दिवसभर शेतात राबलेला तो माणूस थोड्या वेळाने राणी होऊन बाकड्यावर येऊन बसतो, हे मी लहानपणी पडद्याच्या फटीतून कितीतरी वेळा पाहिले आहे. दिलीप प्रभावळकर यांनी उभा केलेला बाबुली मेस्त्री हा दृष्टी मंदावत चाललेला असाच एक कलावंत आहे, आणि त्यांच्या चालण्याबोलण्यात तो माणूस मला ओळखीचा वाटला. उत्तरार्धात सूडकथेचा वेग वाढतो तेव्हा लोककलेचा संथ ठेका मागे पडतो, हे मला खटकले. तरीही माझ्या यादीतले त्याचे स्थान हललेले नाही.

दुसरा चित्रपट पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. तो २०२४ चा असला तरी मला यंदाच्या जानेवारीत घरी पाहायला मिळाला. कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी आलेला भारतीय चित्रपट आणि तेथे मिळालेला ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला बोलायचे आहे ते छाया कदम यांच्या पार्वतीविषयी. मुंबईच्या रुग्णालयात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या या बाईची खोली बिल्डरच्या ताब्यात जाते, कारण आपण येथे राहत होतो हे सिद्ध करणारा कागद तिच्यापाशी नाही. आणि मग ती समुद्राकाठच्या आपल्या गावी परतते. मुंबईतला पाऊस आणि गर्दी मागे पडून चित्रपट किनाऱ्यावर येतो, तेव्हा त्याचा श्वासच बदलतो. चाकरमान्याचे गावी परतणे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, पण परतणारी एकटी बाई असते तेव्हा ते कसे असते, हे इतक्या शांतपणे मी पडद्यावर पाहिले नव्हते.

याशिवाय जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ', रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' आणि नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' हे तीन चित्रपट यादीत आहेत.

आता प्रश्न. यादी पुन्हा वाचताना लक्षात आले की यांतल्या बहुतेक चित्रपटांचा जीव एकाच गोष्टीत आहे : आपले घर, आपली जमीन, आपले गाव, आणि तेथे टिकून राहण्याचा माणसाचा हक्क. बाबुलीचे रान, पार्वतीची खोली, टाळेबंदीत गावाकडे निघालेले 'होमबाउंड'मधले दोन मित्र. वर्षाला अमुक इतके चित्रपट पाहायचे, असे आकड्याचे उद्दिष्ट अनेक जण ठेवतात. त्याऐवजी हाच धागा हाती धरून पुढच्या वर्षी जुने-नवे चित्रपट निवडावेत, असे माझ्या मनात आहे. असे एका विषयाला धरून पाहणे आपणांस योग्य वाटते का, आणि वाटत असल्यास सुरुवात कोठून करावी? तालुक्याच्या गावी राहून हे कसे साधावे, याबद्दलही सांगावे.

---

अर्जुना (राजापूर) :

आपला विचार मला मनापासून पटला. मी निवृत्त शिक्षक आहे आणि आयुष्यभर मुलांना हेच सांगत आलो, की वाचायचे तर एखाद्या लेखकाच्या किंवा विषयाच्या मागे लागून वाचावे. चित्रपटालाही तेच लागू आहे.

सुरुवात आपल्याच दारातून करता येईल. राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट कथाचित्राचा मान आजवर पाच मराठी चित्रपटांना मिळाला आहे : आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' (१९५३), संदीप सावंत यांचा 'श्वास', उमेश कुलकर्णी यांचा 'देऊळ' (याला तो 'ब्यारी' या चित्रपटासोबत विभागून मिळाला), चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'कासव'. या पाचांपैकी तीन चित्रपट कोकणाचे आहेत. साने गुरुजींचे पालगड दापोली तालुक्यातले, 'श्वास'मधले आजोबा आणि नातू कोकणातून शहरातल्या रुग्णालयात आलेले, आणि 'कासव' तर आपल्या किनाऱ्यावरच घडतो. हे पाचही चित्रपट क्रमाने पाहिले, तर मराठी चित्रपटाची साठहून अधिक वर्षांची वाटचाल समोर उभी राहते.

'श्वास' पुन्हा पाहताना एक गोष्ट मुद्दाम पाहावी. डोळ्याच्या कर्करोगामुळे त्या मुलावर शस्त्रक्रिया अटळ आहे आणि तिच्यानंतर त्याला दिसणार नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आजोबा कोणालाही न सांगता त्याला रुग्णालयातून बाहेर नेतात, कारण दृष्टी आहे तोवर त्याने जग पाहून घ्यावे, एवढीच त्यांची इच्छा असते. अरुण नलावडे यांनी त्या प्रसंगात कोठेही डोळ्यांत पाणी आणायचा आटापिटा केलेला नाही. नातवाचा हात धरून ते चालतात, त्याला एकेक वस्तू दाखवतात. आपण बाबुलीच्या मंदावणाऱ्या दृष्टीचा उल्लेख केलात, तेव्हा मला हाच प्रसंग आठवला.

भावे-सुकथनकर या जोडीसाठी वर्षाचे काही महिने वेगळे काढावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. 'देवराई'मध्ये अतुल कुलकर्णी यांनी स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या माणसाची भूमिका केली आहे, आणि त्याच्या मनातली गुंतागुंत कोकणातल्या राखीव देवरानाशी ज्या रीतीने जोडली आहे, तसे काम मराठीत फार थोडे झाले आहे. 'कासव'मध्ये खचलेल्या मनाचा एक तरुण आणि समुद्रकासवांच्या संवर्धनासाठी आलेली माणसे एकत्र येतात. अंडी घालून कासवीण समुद्रात निघून जाते, पिल्ले आपली आपण वाट काढतात. दिग्दर्शकांनी हे कोठेही व्याख्यान न देता माणसांच्या गोष्टीत विणले आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हा चित्रपट अधिकच जवळचा वाटेल.

आणि प्रभावळकर यांच्यासाठी आदित्य सरपोतदार यांचा 'नारबाची वाडी' (२०१३) विसरू नये. मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकावर आधारलेला हा चित्रपट कोकणात असा काही रुजला आहे, की मूळ कथा परक्या मातीतली आहे हे सांगावे लागते. तेथेही म्हातारा, त्याची वाडी आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेला खोत आहे. 'दशावतार'च्या जोडीने एका आठवड्यात दोन्ही पाहावेत.

---

वाशिष्ठी (चिपळूण) :

धागा धरून पाहण्याला माझा विरोध नाही, पण गुरुजींनी दिलेली सारी यादी आपल्याच प्रदेशाची आहे, आणि तेथेच थांबलो तर आपण आपलेच प्रतिबिंब पाहत राहू, अशी मला भीती वाटते. घर आणि जमीन गमावण्याची गोष्ट जगभर सांगितली गेली आहे. ती परक्या मुलखातून पाहिली, की आपल्याकडे पुन्हा नव्याने बघता येते.

म्हणून मी दूरचे तीन चित्रपट सुचवते. पहिला लुकिनो व्हिस्कोंती यांचा 'ला तेरा त्रेमा' (१९४८). सिसिलीतल्या आची त्रेत्सा या कोळ्यांच्या गावात तो चित्रित झाला आहे. त्यातली सगळी माणसे त्याच गावातली आहेत आणि ती आपल्या बोलीतच बोलतात. मासळी स्वस्तात उचलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या कचाट्यातून सुटण्यासाठी एक कुटुंब राहते घर गहाण टाकून स्वतःची होडी चालवू लागते, आणि एका वादळात सारे संपते. बंदरावर मासळीचा लिलाव लागतो, तेव्हा भाव कोण ठरवतो हे ज्यांनी हर्णैला उभे राहून पाहिले आहे, त्यांना या चित्रपटाची उपशीर्षकेही फारशी लागणार नाहीत. 'स्थळ'मध्येही गावातल्याच माणसांकडून कामे करून घेतली आहेत, त्यामुळे हे दोन चित्रपट एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दुसरा रामू करिआत यांचा मल्याळम 'चेम्मीन' (१९६५), जो आपल्याच अरबी समुद्राच्या दक्षिण टोकाकडचा आहे. तिसरा यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). म्हातारे आईवडील मुलांना भेटायला शहरात येतात आणि मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो, एवढीच त्याची कथा आहे. कॅमेरा जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतक्या उंचीवर ठेवलेला असल्यामुळे आपणही त्या घरात बसलो आहोत, असे वाटत राहते. मुंबईला मुलाकडे जाऊन चार दिवसांत परत आलेले आईवडील आपल्या प्रत्येक वाडीत आहेत.

आकड्याच्या उद्दिष्टाबद्दलही दोन शब्द लिहिते. आकडा समोर असला की माणूस एरवी ज्याच्या वाटेला गेला नसता, असा एखादा चित्रपट लावून बसतो, आणि त्यातून कधी कधी मोठा लाभ होतो. आपण विषय ठरवावा, पण महिन्यातून एक चित्रपट विषयाच्या पूर्ण बाहेरचा ठेवावा.

'स्थळ' आपण एका ओळीत आटोपलात, याचे मला वाईट वाटले. मुलगी पाहायला आलेली माणसे तेच तेच प्रश्न विचारतात, नाव, शिक्षण, उंची. आणि दिग्दर्शक तो प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवतो. सुरुवातीलाच स्वप्नात मुलीने मुलाला तसे प्रश्न विचारण्याचा प्रसंग घातल्यामुळे पुढचा प्रत्येक कार्यक्रम पाहताना बाईमाणसाच्या पोटात गोळा येतो. माझ्या यादीत तो पहिला आहे.

---

कर्ली (कुडाळ) :

तालुक्याच्या गावी राहून हे कसे साधावे, या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण चित्रपटांची नावे वरच्या दोघांनी भरपूर दिली आहेत.

मराठी चित्रपट पहिल्या शुक्रवार ते रविवारातच पाहावा. आमच्याकडे पुढच्या शुक्रवारी एखादा मोठा हिंदी चित्रपट आला, की मराठीचा खेळ सकाळच्या किंवा दुपारच्या अडनिड्या वेळेवर ढकलला जातो आणि नोकरी करणाऱ्याला तो पाहणे अशक्य होते. पहिल्या तीन दिवसांच्या गर्दीवरच खेळ वाढायचे की उतरायचे हे ठरते, त्यामुळे लवकर जाणे हा चित्रपटाला दिलेला खरा पाठिंबाही असतो.

दुसरे म्हणजे इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. २००४ पासून हा महोत्सव पणजीत भरतो आणि आपण सिंधुदुर्गातले लोक त्याच्या इतक्या जवळ राहतो, की न जाण्याला कारण उरत नाही. रेल्वेने थिवी किंवा करमळीला उतरून पुढे बसने जाता येते. प्रतिनिधी म्हणून नोंदणी ऑनलाइन करायची असते, ती नोव्हेंबर उजाडेपर्यंत लांबवू नये. जागाही ऑनलाइन आरक्षित कराव्या लागतात आणि गाजलेल्या चित्रपटांच्या जागा पाहता पाहता संपतात. पण आरक्षण नसलेल्यांची वेगळी रांग असते आणि आरक्षण करूनही न आलेल्यांच्या जागी तिच्यातल्या लोकांना सोडतात, त्यामुळे वेळेआधी जाऊन उभे राहिल्यास बऱ्याचदा आत जाता येते. दिवसाला तीनपेक्षा जास्त चित्रपट पाहू नयेत. नवे चित्रपट आज ना उद्या घरी पाहायला मिळतात, म्हणून जुन्या चित्रपटांच्या दुरुस्त करून नव्याने काढलेल्या प्रतींना प्राधान्य द्यावे. ते मोठ्या पडद्यावर पाहण्याची संधी आपल्याला एरवी मिळत नाही.

यंदा तेथे 'गोंधळ'साठी संतोष डावखर यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्यमयूर मिळाला. दशावतार आणि गोंधळ, असे देवाच्या दारातले दोन खेळ एकाच वर्षी चित्रपटांचा कणा व्हावेत, ही मला यंदाची सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. तेरेखोल यांच्या यादीत तो दिसला नाही, तो जरूर पाहावा.

तिसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची आहे. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ चालते, देशभरच्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ पासून आहे, आणि आपल्या एकेका तालुक्यात शंभर वर्षांची ग्रंथालये आहेत, ज्यांच्या सभागृहात महिन्यातून एक संध्याकाळ चित्रपटासाठी सहज काढता येईल. मात्र चित्रपट विनामूल्य दाखवायचा असला, तरी त्याच्या हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावीच लागते. घरी पाहण्यासाठी भरलेल्या वर्गणीत सार्वजनिक खेळाचा हक्क येत नाही. अनेक स्वतंत्र दिग्दर्शक अशी परवानगी आनंदाने देतात, फक्त पत्र वेळेवर लिहायला हवे.

---

तेरेखोल (सावंतवाडी) :

तिघांचेही मनापासून आभार. उत्तरे वाचून बेत ठरवला आहे.

जानेवारीत 'नारबाची वाडी' आणि पुन्हा एकदा 'दशावतार'. त्यानंतर मे महिन्यापर्यंत गुरुजींनी सांगितलेले पाच चित्रपट आणि 'देवराई'. पावसाळ्यात बाहेर पडणे कमी होते, तेव्हा 'ला तेरा त्रेमा', 'चेम्मीन' आणि 'टोकियो स्टोरी'. त्यांच्या सोबत अविनाश अरुण यांचा 'किल्ला'ही पाहीन, कारण वडील गेलेला तो मुलगा मित्रांपासून तुटून किल्ल्यावर एकटा पावसात सापडतो, तो प्रसंग श्रावणातल्या पावसात पाहावा अशी फार दिवसांची इच्छा आहे. नोव्हेंबर इफ्फीसाठी राखून ठेवतो. वाशिष्ठीताईंचे म्हणणे मानून दर महिन्याला एक चित्रपट विषयाबाहेरचा असेल आणि तो निवडण्याचे काम घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पुतणीकडे देतो, म्हणजे माझी आवडनिवड आड येणार नाही.

कर्ली यांनी मांडलेली ग्रंथालयाची कल्पना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या येथील ग्रंथालयाच्या कार्यकारिणीशी या आठवड्यात बोलतो. परवानगीच्या पत्रात कोणकोणत्या गोष्टी लिहाव्या लागतात, म्हणजे सभागृहाची आसनसंख्या, खेळाची तारीख, प्रवेश विनामूल्य असल्याचा उल्लेख, हे आपण सविस्तर सांगितलेत, तर पहिले पत्र 'कासव'साठीच लिहावे असा विचार आहे.